तिसरी हाक

आजोळी दिवेलागण झाली की आजी ओटीवर यायची आणि मला हाक मारायची. मी तेव्हा बहुतेक समुद्रावर असे, खडपात कालवं काढणाऱ्या बायकांच्या मागेमागे. घर आणि पुळण यांच्यामध्ये माडांची बाग, मग गडगा, मग सुरूचं बन. आजीची हाक एवढं सगळं ओलांडून यायची. एकदा. मग जराशी थांबून दुसऱ्यांदा. मग पुन्हा थांबून तिसऱ्यांदा. तिसऱ्या हाकेलाच मी ‘ओ’ द्यायची, कारण तसं तिनंच शिकवलं होतं. काळोखात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे माणूस नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही.

का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. पाय धुऊन घरात यायचं, तिन्हीसांजेला झोपायचं नाही, तसंच हे.

आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी त्या घरात जो भयपट केला, तो शेवटी या एका नियमावर उभा राहिला. पण निघालो तेव्हा आमच्याकडे वेगळीच गोष्ट होती.

आम्ही सहाही जण मुंबईतल्या कॉलेजात एकांकिका करताना एकत्र आलो. पुढे नोकऱ्या लागल्या, एकदोघांची लग्नं झाली, पण ‘एक सिनेमा करायचा’ हे कुणाच्याच डोक्यातून गेलं नव्हतं. भयपटच का, याचं उत्तर आमच्या कॅमेरावाल्या मित्राकडे तयार असायचं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आम्हाला पहिल्यांदा त्यानंच दाखवला. नाव बदलताना प्रिंटवरची कॉपीराइटची ओळ गळली आणि अमेरिकेत तो सिनेमा कुणाच्याच मालकीचा राहिला नाही, म्हणून तो आजही कुणालाही मोकळेपणानं पाहता येतो. १९६८ चा सिनेमा. पिट्सबर्गमधल्या दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढून त्याची सुरुवात केली होती. चित्रण काळंपांढरं, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप वापरलं. आपल्याकडे रामसे बंधूंनीही १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी घरचीच माणसं आणि मोजकी मंडळी घेऊन महाबळेश्वर गाठलं होतं. मित्र म्हणायचा, भयपटाला एक घर लागतं आणि काळोख लागतो. घर तुझ्या आजीचं आहे, आणि काळोखाला भाडं पडत नाही.

प्रत्येकी १० हजार काढले. साठ हजारांत दोन लेन्स आणि साउंड रेकॉर्डरचं भाडं, सहा जणांचा प्रवास, नऊ दिवसांचं जेवण आणि किरकोळ सामान बसवायचं होतं. मामानं चावी दिली आणि एवढंच म्हणाला, “जाताना माजघराची खिडकी लावून घ्या, मांजर शिरतं.”

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला तुतारी एक्स्प्रेसनं कणकवलीला उतरलो. तिथून एसटीनं आचरा आणि पुढे रिक्षा. घर गणपतीनंतर बंदच होतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे शेणानं सारवायचं खळं. कुलूप काढलं तेव्हा आतून जो वास आला, तो कोकणातली बंद घरं उघडणाऱ्या कुणालाही सांगावा लागणार नाही. ओल्या लाकडाचा, भाताच्या तुसाचा, पाकोळ्यांचा आणि त्याखाली कुठंतरी धुपाचा. आजीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. साउंड करणारी मैत्रीण उंबऱ्यातच थांबली आणि हळूच म्हणाली, “हे घर रेकॉर्ड करता येईल का गं?”

संध्याकाळी शेजारची काकी चहा घेऊन आली. काकी म्हणजे आजीची जन्माची सोबतीण. दोघींच्या घरांमध्ये गडगा होता, पण एका जागी त्यातले चार चिरे काढून ठेवलेले, येण्याजाण्यासाठी. तिनं आमचे स्टँड, दिवे, वायरींची भेंडोळी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “राखणदाराक सांगितलात?”

सांगितलं नव्हतं. तिनं त्यावर काही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना घेऊन आली. काकांनी बागेच्या कोपऱ्यातल्या दगडासमोर नारळ ठेवला, विडी ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, ही पोरां मुंबयसून इली हत. रात्रीची फिरतली, उजेड करतली. तेंच्या हातसून काय कमीजास्त झाला आसात तर सांभाळून घे रे महाराजा.” आणि आम्ही सगळे काकीच्या मागोमाग म्हणालो, “व्हय महाराजा.” आमच्यातले दोघे पक्के नास्तिक आहेत. तेही म्हणाले. कॅमेरावाल्यानं नंतर मला सांगितलं, की आपण काय करायला आलोय हे इतक्या नेमक्या शब्दांत त्याला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. रात्रीचं फिरायचं आणि उजेड करायचा.

ज्यांचा कोकणाशी संबंध नाही, त्यांना राखणदार म्हणजे भूत वाटतं. तो जमिनीचा असतो, आपल्या आधीपासूनचा. आपण तिथं राहायला आलेलो असतो. विहीर खणायची असो की कलम लावायचं असो, आधी त्याच्या कानावर घालायचं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या देवळात माणसाच्या पायाहून कितीतरी मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, असं लोक मानतात. आजीनं मला लहानपणी त्या झिजलेल्या टाचा दाखवल्या होत्या. मला तेव्हा भीती वाटली नव्हती. रात्रभर कुणीतरी आपल्यासाठी चालतंय, याचा आधार वाटला होता. आणि तरीही त्या रात्री मी एकटी मागच्या दारी गेले नव्हते. आधार आणि भीती एकाच दगडापाशी कशी राहते, हे मला सिनेमात आणायचं होतं. पण मी मुंबईत बसून लिहिलेल्या पटकथेत त्याचा मागमूस नव्हता.

त्या पटकथेत होती एक बाई. पांढरं पातळ, मोकळे केस, पांढऱ्या बुबुळांच्या लेन्स. पोफळीच्या बागेत उभी राहणार, दिवा गेला की जवळ येणार, दिवा आला की नाहीशी होणार. दुसऱ्या रात्री आम्ही तो प्रसंग केला. तयारी खूप होती. रक्तासाठी कोकमाचं आगळ, साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग मिसळून एक मिश्रण केलं होतं. रंग सुंदर आला, अगदी गोठत चाललेल्या रक्तासारखा काळसर. पण पाक म्हटल्यावर मुंग्या आल्याच. आमची अभिनेत्री दोन तास त्या मुंग्या सोसत उभी राहिली आणि एका टेकमध्येही हलली नाही. तिच्या मानेवर उठलेल्या गांधी पाहून मला रडू आलं होतं.

टेक झाल्यावर मॉनिटरवर तो शॉट पुन्हा लावला. काकी काळजीनं बघायला आली होती, पोरं जेवली नाहीत म्हणून. तिनं पदर तोंडाशी धरून शॉट पूर्ण पाहिला. मग विचारलं, “ही खंयची गो?”

मी म्हटलं, काकी, भूत आहे ते.

“ता माका कळता. पण ती आमच्याकडली नाय.”

कुणीच बोललं नाही. काकीला वाटलं आम्हाला वाईट वाटलं, म्हणून ती समजुतीच्या सुरात पुढे म्हणाली, “आमच्याकडे असा कोण समोर येवन उभ्या रवणा नाय, चेडवा. हाक मारता.”

त्या रात्री पेज आणि कुळथाची पिठी जेवून आम्ही खळ्यात बसलो ते पहाटेपर्यंत. कुणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येक जण आपल्याला लहानपणी काय काय करू दिलं नव्हतं ते सांगू लागला. रात्री शीळ घालायची नाही. सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. दिवे लागल्यावर मीठ उसनं द्यायचं नाही. पाणंदीत मागून पावलं ऐकू आली तर वळून बघायचं नाही. साउंडवाली विदर्भातली, तिच्याकडेही अशी वीसेक निघाली. हे सगळं मांडून झाल्यावर लक्षात आलं, की आम्हाला खरी भीती कुणाच्या चेहऱ्याची कधी वाटलीच नव्हती. आपल्या हातून नियम मोडला जाईल याची वाटली होती. आपल्याकडे भीती सोवळ्यासारखी, सुतकासारखी पाळतात. घर ती पाळतं, गाव ती पाळतो.

आचऱ्यात तर हे अख्ख्या गावाचं आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतात आणि गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं घेऊन वेशीबाहेर जायचं आणि राहुट्या घालून राहायचं. मी आठ वर्षांची असताना एका गावपळणीत आजीबरोबर होते. मुलांना जत्रेसारखी मजा. उघड्यावर चुली, रात्री भजनं, चुलीतल्या राखेत भाजलेले कणगे. पण दुसऱ्या रात्री मी लघवीला उठले आणि सहज गावाकडे बघितलं. एकही दिवा नव्हता. कुत्रं नाही, कोंबडा नाही, दाराची कडी नाही. माडांच्या काळ्या रेषेमागे आमचं घर होतं आणि त्या घरात आम्ही नव्हतो. ‘आता आपल्या घरात कोण असेल?’ मी आजीला विचारलं. तिनं माझं डोकं पदराखाली घेतलं आणि म्हणाली, तीन दिवस तेंचे.

इतक्या वर्षांत मला त्याहून भयंकर काही कुणी सांगितलेलं नाही. त्या वाक्यात वैर नाही. वाटणी आहे.

पहाटे मी पटकथेची निम्मी पानं बाजूला काढली. नवी गोष्ट दोन ओळींची झाली. आजी गेल्यावर एक मुलगी घर आवरायला येते. रात्री परसातून, विहिरीच्या बाजूनं, आजीच्या आवाजात तिच्या नावानं हाक येते. एकदा. मग दुसऱ्यांदा. आणि मुलगी तिसरीची वाट बघते.

पांढऱ्या लेन्सची डबी मी मुंबईला परत नेली. अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या सात दिवसांबद्दल कॅमेरावाला लिहिता तर उजेडाबद्दल लिहिता. आमच्याकडे दोनच एलईडी पॅनल होते. जनरेटर परवडणारा नव्हता आणि परवडला असता तरी त्याच्या आवाजात साउंड करता आला नसता. शेवटी सर्वात कामी आला तो मालवणच्या बाजारात शोधून आणलेला जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब. तो पंख्याच्या रेग्युलेटरला जोडला, की माजघरातला उजेड हातानं कमी-जास्त करता यायचा. एलईडी असा मावळत नाही. तारेचा बल्ब मंद होताना तांबूस होत जातो, आणि चेहऱ्यावरचा रंग आधी जातो, मग डोळे. ज्यांनी कोकणात कमी व्होल्टेजच्या रात्री काढल्यात त्यांना हा उजेड अंगात ओळखता येतो. बाहेरची काही दृश्यं आम्ही भर दुपारी घेऊन रात्रीची केली. एक्सपोजर खाली, रंग निळ्याकडे, आणि चौकटीत आकाश अजिबात येऊ द्यायचं नाही. आकाश दिसलं की सोंग उघडं पडतं. माडांच्या झावळ्यांची दुपारची कडक सावली मात्र चांदण्याच्या सावलीसारखीच दिसते. पहाटे दव पडायचं आणि लेन्सला घाम सुटायचा, म्हणून लेन्स सिलिका जेलच्या पुड्या घालून आजीच्या पितळी झाकणाच्या डब्यात ठेवायचो. त्या डब्यात ती साखर ठेवायची, आणि मला ते कॅमेरावाल्याला सांगायचं नव्हतं.

एक मोठी चूक माझ्या हातून झाली. अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही पुळणीवरचं दृश्य घेतलं होतं. मुलगी आजीची काठी समुद्रात सोडायला जाते, पाणी तिच्या घोट्यांना लागतं, आणि ती वळते. सहाच्या सुमाराचा तो पाऊण तासाचा उजेड. अभिनेत्रीचं आयुष्यातलं उत्तम काम, असं मी आजही म्हणेन. रात्री अकराला, दमलेल्या डोळ्यांनी, मी कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं. कॉपी झालेली नव्हती.

तिला ते सांगायला मी बागेत गेले तेव्हा ती पायरीवर बसून पाय चोळत होती. तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ गेला. मग विचारलं, “परत कधी घेऊया?” एवढंच. मैत्री म्हणजे काय याबद्दल मला जे कळतं, त्यातलं बरंचसं त्या प्रश्नात आहे.

परत घ्यायचं तर समुद्र तसाच असायला हवा होता. काकांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून तेव्हा सहाला पाणी भरलेलं होतं, तेही भांगाचं, शांत. आम्हाला मोकळी संध्याकाळ मिळाली ती एकादशीची. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सहाला पाणी बरंच मागे असणार आणि सव्वाआठला काळोख. उजेड आणि पाणी यांची भेट पुढे पंधरवडाभर होणार नव्हती. आम्ही एकादशीलाच सहा वाजता दृश्य घेतलं, मागे सरलेल्या समुद्रासह. मुलगी चालत राहते, ओल्या वाळूवरून, पाणी यायचं नाव घेत नाही. पडद्यावर ते दृश्य पहिल्यापेक्षा वेगळं आहे. चांगलं आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पहिलं कसं होतं ते फक्त आम्हा सहा जणांना आठवतं, आणि प्रत्येकाला वेगळं आठवतं.

अष्टमीच्याच त्या रात्री, चंद्र मावळल्यावर, झोप येईना म्हणून मी आणि साउंडवाली किनाऱ्यावर गेलो. लाट फुटताना निळी पेटत होती. कोकण किनाऱ्यावर थंडीत हे दिसतं. पाण्यातले नोक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव हलले की चमकतात. वाळूत पाय टाकला की पावलाभोवती निळी कड उठायची आणि विझायची. आमचा कॅमेरा ते पकडू शकला नाही, चौकट काळीच राहिली. आम्ही तो बंद करून ठेवला आणि नुसत्या बसलो.

पण माझ्या मते हा सिनेमा आवाजाचा आहे, आणि तो साउंडवालीनं केला.

पहिल्या दिवशी हेडफोन लावून ती हताश झाली होती. समुद्राची गाज कुठंही गेलं तरी होती. घरात, विहिरीपाशी, न्हाणीत. आम्हाला ती ऐकूच येत नव्हती, इतकी सवयीची. माइकला सगळं ऐकू येतं. शिवाय गाज स्थिर नसते. एक शॉट लाट फुटताना संपतो, पुढचा लाट ओढली जाताना सुरू होतो, आणि दोन्ही जोडले की कानाला ठेच लागते. तिनं मग रोज रात्री सगळ्यांना झोपायला पाठवून एकेका खोलीचा नुसता आवाज घेतला. दहा दहा मिनिटं. माजघराची गाज, पडवीची गाज, विहिरीत शिरून घुमणारी गाज. संकलनात शॉटबरोबर आलेली गाज जिथं जिथं शक्य तिथं काढून त्याखाली ही अखंड पसरली. प्रत्येक खोलीला स्वतःचा समुद्र आहे. प्रेक्षकाला ते कळत नाही, पण मुलगी माजघरातून परसात जाते तेव्हा तिच्या पायाखालची जमीन बदलल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

बाकीचे आवाजही तिनं तिथंच गोळा केले. खळ्यावरून ओढलेलं माडाचं चुडत. वाळक्या पानांच्या पातेऱ्यावरची पावलं. हाड मोडल्याचा आवाज हवा म्हणून आधीच्या पटकथेसाठी शेवग्याची शेंग पिळून घेतली होती. तो आवाज शेवटी खुंटीवरची काठी पडताना वापरला. का भीती वाटते ते कळत नाही, पण वाटते.

राहिली हाक. आजीचा आवाज कुणाचा?

अभिनेत्रीनं करून पाहिला, मी करून पाहिला, काकीला विचारलं तर तिनं कानाला हात लावले. मग काकांनी एका दशावतारी कलावंताचं नाव काढलं. वय साठीच्या पुढे, तीस वर्षं स्त्री पार्ट केलेला माणूस. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करत आले. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली आणि संवाद उभ्या जागी सुचतील ते. रात्री अकरा-बारापासून उजाडेपर्यंत, पेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीवर. जत्रांचे दिवस असल्यामुळे त्यांना रोज कुठं ना कुठं नाटक होतं. ते म्हणाले, नाटक संपवून येतो.

आले ते त्रयोदशीच्या पहाटे, साडेपाचला. डोळ्यांतलं काजळ पुसलेलं पण गेलेलं नव्हतं. रात्रभर द्रौपदी केलेला आवाज बसला होता. साउंडवाली मला खुणेनं म्हणाली, हाच. हाच आवाज हवा, विश्रांती घेऊ देऊ नकोस.

त्यांनी चहा घेतला, गोष्ट ऐकली आणि दोन अटी घातल्या. पहिली, आमच्या अभिनेत्रीचं खरं नाव सिनेमातल्या मुलीला द्यायचं नाही. गावातल्या, माहितीतल्या कुठल्याच बाईचं नाव नको. या घरात, या वेळेला, जिवंत माणसाच्या नावानं मी अशी हाक मारणार नाही, म्हणाले. मुलीचं नाव तोपर्यंत कुठल्याही संवादात आलं नव्हतं, हे आमचं नशीब. काका-काकींनी मिळून तासभर नावं आठवली आणि शेवटी एक नाव निघालं, जे गावात कुणाचंही नव्हतं आणि काकीच्या आठवणीत कधी नव्हतंही. ते नाव सिनेमात आहे. मी इथं लिहीत नाही.

दुसरी अट अशी, की हाका तीन मारणार. आम्हाला दोनच हव्या होत्या, गोष्टच तशी होती. ते म्हणाले, “तुमका दोन होयत तर दोन घेवा. पण घरात अर्धी हाक ठेवन मी जावचंय नाय.”

विहिरीच्या कठड्याला पाठ लावून ते उभे राहिले. साठीचा पुरुष, लुंगी आणि बनियन, डोळ्यांत काजळ. त्यांनी मान किंचित कलती केली, उजवा हात पदर सावरल्यासारखा छातीशी आणला, आणि हाक मारली. ओरडले नाहीत. भांडी घासता घासता बाई जशी सहज हाक मारते तशी, शेवटी किंचित वर जाणारी. मी ओटीवर होते. माझं तोंड उघडलं होतं. ‘ओ’ देण्यासाठी.

मग थांबले. आजी थांबायची तेवढेच. आणि दुसरी.

मग त्यांनी साउंडवालीकडे बघून बोटानं खूण केली, की बंद कर. कुठल्याही साउंडवाल्यासाठी हे फार अवघड असतं, समोर असा आवाज असताना. तिनं बंद केलं. लाल दिवा विझल्याचं त्यांना दाखवलं. मग त्यांनी तिसरी हाक मारली. ती आमच्याकडे कुठंही नोंदलेली नाही.

दत्तजयंतीला आम्ही आवराआवर केली, राखणदाराला नारळ ठेवला, माजघराची खिडकी लावली.

संकलन डोंबिवलीतल्या एका खोलीत, नोकऱ्या सांभाळून, चार महिने चाललं. त्यातले बहुतेक दिवस एकाच जागेवर गेले. दुसऱ्या हाकेनंतर किती थांबायचं? पाच सेकंद ठेवले तर नुसती वाट पाहिल्यासारखं वाटायचं. नऊ सेकंदांना अस्वस्थ व्हायला व्हायचं, पण सुटका लवकर व्हायची. वीस ठेवले तर प्रेक्षक पडद्याबाहेर पडायचा, प्रोजेक्टर बिघडला का बघायचा. आम्ही चौदावर आलो. चौदा सेकंद मुलीचा चेहरा, मावळत जाणारा पिवळा बल्ब आणि खाली माजघराची गाज. दुसरं काही नाही.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले तेव्हा आम्ही तो पहिल्यांदा दाखवला, आजीच्याच खळ्यात. शाळेतून प्रोजेक्टर आणला, दोन माडांच्या मध्ये मंडपवाल्याकडचा पांढरा पडदा बांधला. साठ-सत्तर माणसं आली. म्हातारी मंडळी ओटीवर, पोरं पुढे गोणपाटावर, पुरुष गडग्यावर. काकी ओटीच्या खांबाला टेकून बसली होती. दशावतारी काका उशिरा आले आणि मागे विहिरीच्या बाजूला उभे राहिले. दशावताराचा मोसम संपत आला होता.

सुरुवातीला पोरं हसत होती. पडद्यावर त्यांना त्यांचीच पाणंद, त्यांचाच व्हाळ दिसत होता. कुणाची तरी गाय दिसली तेव्हा टाळ्या पडल्या. मुलगी घरात शिरली तेव्हा आवाज कमी झाले. काठी खुंटीवरून पडली तेव्हा पुढची दोन पोरं उठून आयांच्या मांडीवर जाऊन बसली.

मग पहिली हाक आली. स्पीकर पडद्याजवळ होते, पण विहीर मागे होती, आणि मी पाहिलं की निम्म्या माणसांनी माना विहिरीकडे वळवल्या.

दुसरी हाक आली. ओटीवरच्या बायकांतून कुणीतरी पडद्याला म्हणालं, “नको गो बाय.” कुणी हसलं नाही.

चौदा सेकंद. मी मनात मोजत होते. चार, पाच. पडद्यावरची गाज आणि बनापलीकडची गाज यांत मला फरक करता येईना. आठ, नऊ. मुलीच्या चेहऱ्यावरचा उजेड तांबूस झाला. पुढचं एक पोर रडवेलं झालं होतं. अकरा.

आणि मागून, विहिरीच्या कठड्यापासून, तिसरी हाक आली. त्याच आवाजात, शेवटी किंचित वर जाणारी. दशावतारी काकांनी ती अर्धी राहू दिली नाही.

खांबाला टेकलेल्या काकीनं डोळे मिटून ‘ओ’ दिली.